आउटबोर्ड बोटीचं स्टिअरिंग जड झालंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरवायची वेळ आली की मालवण, तारकर्ली, देवबागपासून पार गोव्यापर्यंत एकच रड ऐकू येते: इंजिन सेल मारल्याबरोबर चालू झालं, पण चाक हलत नाही. इथली उत्तरं मुख्यतः पर्यटकांच्या फायबर बोटींसाठी आहेत. म्हणजे पुढे चाक, मागे एकच जुनं आउटबोर्ड इंजिन आणि दोघांना जोडणारी केबल. हाताच्या दांड्याने वळवायच्या मच्छीमारी होडीबद्दल आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगबद्दलही शेवटाकडे थोडं आहे.

चाक जड झालं म्हणजे केबल गेली, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. केबल सहज बदलता येते आणि दुकानात मिळते, म्हणून पहिला आरोप तिच्यावर येतो. नवी केबल घालायला म्हणून जुनी ओढायला जावं, तर ती नळीतून बाहेरच येत नाही. तेव्हा कळतं की दुखणं केबलचं नव्हतं, नळीचं होतं.

जडपणा चार ठिकाणी असू शकतो. एक, चाकामागचा गिअरचा डबा. दोन, केबल. तीन, टिल्ट ट्यूब, म्हणजे इंजिन ज्या आडव्या नळीवर वर-खाली होतं ती. केबलच्या टोकाचा चकचकीत स्टीलचा रॉड याच नळीतून आत-बाहेर सरकतो. चार, स्विव्हल, म्हणजे ज्या उभ्या दांड्यावर इंजिन डावी-उजवीकडे वळतं तो. जुन्या इंजिनात माझा पहिला संशय टिल्ट ट्यूबवर असतो, दुसरा स्विव्हलवर. केबल तिसरी. चाकामागचा डबा क्वचितच गुन्हेगार निघतो.

मग नेमकं कुठे अडलंय ते कसं ओळखायचं?

एकेक सांधा सोडवत जायचं. बोट किनाऱ्यावर सरळ उभी असू द्या, एका कुशीवर कललेली नको. इंजिन खाली, उभं ठेवा. बोट कललेली असली की इंजिनाचं वजन एका बाजूला जातं आणि जडपणाचा अंदाज चुकतो.

आधी रॉड आणि इंजिन यांना जोडणारी छोटी आडवी लिंक इंजिनाच्या बाजूने सोडवा. आता इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकला. एका हाताने, फार जोर न लावता ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवं. गेलं नाही तर दोष स्विव्हलमध्ये आहे. केबल कितीही नवी घाला, फरक पडणार नाही.

इंजिन मोकळं फिरलं, तर लिंक सुटलेलीच ठेवून चाक फिरवा. चाक अजूनही जड आहे? मग नळीच्या तोंडाशी असलेला केबलचा मोठा नट सोडा आणि रॉड नळीतून बाहेर काढा. रॉड बाहेर असताना चाक हलकं फिरलं तर दोष नळीचा. रॉड बाहेर असूनही जडच राहिलं तर केबल चाकामागच्या डब्यापासूनही सोडवा. नुसतं चाक फिरलं की केबल दोषी, नाही फिरलं की डबा.

पाने हाताशी असले तर या सगळ्याला फार वेळ लागत नाही. अट एकच, रॉड नळीतून निघायला हवा. तो निघत नसेल, तर उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

त्याआधी नुसतं डोळ्यांनी काही बघायचं का?

हो. पाने काढण्याआधी खाली वाकून केबल चाकापासून इंजिनापर्यंत पूर्ण बघा. तिच्यावर नांगराची दोरी, लाईफ जॅकेटांचा ढीग, पेट्रोलचा कॅन असं काही दाबून बसलेलं नाही ना? केबल कडेला पट्टीने इतकी करकचून बांधलेली नाही ना, की बाहेरचं प्लास्टिक चेपलंय? कुठे काटकोनात मोडल्यासारखी वळलेली नाही ना? स्टिअरिंग केबलचं वळण साधारण ८ इंच त्रिज्येपेक्षा आवळलेलं नको. त्याहून घट्ट वळणात आतली तार बाहेरच्या आवरणाला घासते.

आणि एक जागा हमखास सुटते. इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी, वायरिंग आणि गिअर-थ्रॉटलच्या केबल्या यांचा जो जुडगा असतो, तो कुणीतरी नीटनेटका दिसावा म्हणून ताणून बांधलेला असतो. चाक एका बाजूला छान फिरतं आणि दुसऱ्या बाजूला शेवटच्या टप्प्यात अडतं, असं असेल तर आधी हा जुडगा सैल करा. त्यावर फुकटात सुटलेल्या तक्रारी बऱ्याच आहेत.

फ्रिक्शनचा स्क्रू कुठला? तो घट्ट केला होता, त्याचा काही संबंध?

थेट संबंध. काही इंजिनांना स्विव्हलच्या बाजूला स्क्रू किंवा छोटी दांडी असते. तिने वळणं मुद्दाम जड करता येतं. हाताच्या दांड्याने चालवताना तिचा उपयोग आहे. चाकावर चालणाऱ्या इंजिनात ती पूर्ण सैल हवी. दांड्याचं जुनं इंजिन घेऊन त्याला चाक बसवलेल्या बोटींत हा स्क्रू कुणाच्या लक्षातच नसतो.

टिल्ट ट्यूब जाम का होते?

मीठ आणि वाळलेलं ग्रीस. नळीचं आतलं माप बहुतेक इंजिनांत ५/८ इंच असतं, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, आणि रॉडही तेवढाच. मधली फट अगदी नावापुरती. रॉड बाहेर असताना त्यावर खारं पाणी उडतं, वाळतं आणि चाक वळवलं की मिठासकट आत जातं. आतलं जुनं ग्रीस काही वर्षांत घट्ट, मेणासारखं होतं. रॉड स्टेनलेस असला तरी बऱ्याच जुन्या इंजिनांची नळी साध्या स्टीलची असते. ती आतून गंजते आणि गंज फुगून ती फट भरून टाकतो.

जून ते ऑगस्ट बोट झापाखाली किंवा ताडपत्रीखाली स्थिर उभी असते. चाक कुणी फिरवत नाही. गंजाला तेवढा वेळ पुरतो.

अडकलेला रॉड बाहेर कसा काढायचा?

घाई न करता. केबलचा नट सोडा, नळीच्या दोन्ही तोंडांना गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. मग रॉडच्या टोकावर पितळेचा किंवा कठीण लाकडाचा तुकडा धरून हातोडीचे बेताचे ठोके द्या. रॉडवर थेट लोखंडी हातोडी मारलीत तर टोक पसरून छत्रीसारखं होतं आणि मग तो रॉड नळीतून कधीच जात नाही. ठोक्याने केसभर जरी सरकला तरी उलट दिशेने परत आणा, तेल घाला, पुन्हा ठोका. पुढे-मागे केल्यानेच तो सुटतो, एकाच दिशेने बडवून नाही.

तरीही हलत नसेल तर हॉट एअर गनने नळी तापवा. जुनं ग्रीस ऊब लागली की सैल होतं. पण त्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळी बोटीतून उतरवून लांब ठेवा, बोटीच्या तळात साचलेलं पेट्रोलमिश्रित पाणी काढून टाका आणि तेल मारल्यावर लगेच गरम हवा धरू नका. गॅसची ज्योत तर नकोच. भोवतालचं ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं आहे, बुश, म्हणजे दांड्याभोवतीच्या कड्या, प्लास्टिकचे आहेत, शेजारी वायरिंग आहे.

केबल टाकूनच द्यायची ठरली असेल तर काम सोपं होतं. केबल नळीबाहेर कापा आणि रॉड दुसऱ्या बाजूने ठोकून काढा. काही वेळा रॉड आणि नळी इतके एकजीव होतात की नळीच बदलावी लागते. त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं, तेव्हा ते मेकॅनिककडेच द्या.

रॉड निघाला. आता नुसतं ग्रीस लावून परत घालू?

नको, आधी नळी साफ करा. कामाचा खरा फायदा इथेच आहे. अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीची लाकडी काठी घ्या, टोकाला खाच पाडून पॉलिश पेपरची पट्टी अडकवा आणि रॉकेल किंवा डिझेल घालत नळीतून फिरवा. बाटली धुवायचा मोठा ब्रशही चालतो. पहिल्यांदा निघतो तो तपकिरी चिखल, मग काळं पाणी. फडकं ओढल्यावर ते जवळपास स्वच्छ निघेपर्यंत चालू ठेवा. शेवटी नळी कोरडी करा.

रॉडवरून नख फिरवा. खड्डे लागत असतील, किंवा रॉड जरासा वाकलेला वाटत असेल, तर सफाई करून काही दिवस बरं वाटेल आणि मग तोच त्रास. सपाट लादीवर रॉड लोळवून बघितला की वाक लगेच दिसतो.

रॉड सरळ असेल तर त्याला समुद्री वापराचं, पाण्याने न धुपणारं ग्रीस भरपूर चोपडा, नळीतही भरा आणि परत घाला. ट्रकच्या बेअरिंगचं ग्रीस खाऱ्या पाण्यात फार दिवस टिकत नाही, म्हणून ते टाळलेलं बरं. नळीच्या टोकाला ओ-रिंग असलेली टोपी किंवा ग्रीस निपल (ग्रीस गन लावायचं छोटं तोंड) असलेला नट मिळत असेल तर जरूर बसवा. लहानसा भाग आहे, पण पाणी आत जायची वाटच अडवतो.

ग्रीस गन मारल्यावर स्टिअरिंग आणखी जड झालं! असं कसं?

रॉड बाहेर असताना ग्रीस मारलं असणार. नळीवर निपल असेल तर चाक अशा बाजूला पूर्ण फिरवा की रॉड नळीत आत जाईल, आणि मगच ग्रीस मारा. रॉड बाहेर असताना आतली जागा ग्रीसने गच्च भरली तर रॉडला परत यायला वाट उरत नाही. ग्रीस दाबलं जात नाही, चाक तिथेच अडून बसतं. इंजिनांच्या पुस्तिकांत ही सूचना ठळक छापलेली असते. तसं झालंच असेल तर जबरदस्तीने चाक ओढू नका. नट सैल करा आणि जास्तीचं ग्रीस बाहेर येऊ द्या.

डब्ल्यूडी-४० मारलं की दोन दिवस बरं असतं. तेच मारत राहिलो तर?

तो फवारा गंज सोडवायला ठीक आहे, वंगण म्हणून नाही. तो पातळ असतो, उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो आणि काही दिवसांत उडून जातो. मग रॉड आणि नळी कोरडी घासतात. दर शनिवार-रविवारच्या गर्दीआधी फवारा मारायचा आणि धंदा करायचा, ही सवय सीझनच्या मधोमध केबल तोडते.

स्विव्हल जड निघालं. ते घरी होण्यासारखं आहे का?

बऱ्याचदा हो. स्विव्हलच्या ब्रॅकेटवर एक-दोन ग्रीस निपल असतात. रंगाखाली किंवा मिठाच्या थराखाली दडलेले असतील तर शोधा. गन लावा आणि वरून-खालून जुनं ग्रीस बाहेर यायला लागेपर्यंत मारा. आधी काळं-तपकिरी येतं, कधी पाण्याचे थेंबही येतात. मग नवं ग्रीस दिसतं. मारताना दुसऱ्या माणसाला इंजिन डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगा.

गन दाबली तरी ग्रीस आत जातच नाही, हे नेहमीचं. निपल पान्याने काढा. बहुतेक वेळा निपलच तुंबलेला असतो आणि नवा निपल किरकोळ किमतीत मिळतो. निपल मोकळा आहे आणि मागचं भोक घट्ट झालेल्या ग्रीसने बंद आहे, असं असेल तर तारेने उकरा, गंज सोडवणारं तेल घाला, थोडी गरम हवा द्या आणि इंजिन हळूहळू हलवत राहा. एका दिवसात होईलच असं नाही.

इंजिन हलवण्यासाठी लांब पाइप लावून मात्र ओढू नका. स्टिअरिंगचा हात तुटला तर खर्च कुठच्या कुठे जातो. तीन-चार दिवस तेल पिऊनही हललं नाही तर बुश फुगलेत किंवा दांडा ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये गंजून बसलाय. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, मग ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन फुगतं. पूर्ण मधला भाग उघडावा लागतो.

केबलच खराब निघाली तर दुरुस्त होते का?

होत नाही. बाहेरच्या आवरणाला चीर पडली, फुगवटा आला किंवा आतून गंजाचं पाणी गळायला लागलं, की ती गेली. चिरेवर टेप गुंडाळून आत तेल सोडणारे लोक आहेत. तसं करून प्रवासी बसवू नका.

नवी केबल किती लांबीची मागवायची?

आधी जुन्या केबलच्या आवरणावर नंबर आणि लांबी छापलेली दिसते का बघा. फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसलं की बऱ्याचदा वाचता येतं. पण जुनी केबल योग्य लांबीची होती हे गृहीत धरू नका. आधीच्या मालकाने मिळेल ती घातलेली असू शकते.

मोजायचं असेल तर तीन अंतरं इंचात घ्या: चाकाच्या मध्यापासून बोटीच्या कडेपर्यंत, तिथून कडेकडेने मागच्या फळीपर्यंत, आणि फळीच्या कोपऱ्यापासून इंजिनाच्या नळीच्या मध्यापर्यंत. बेरीज करा. वाटेतल्या प्रत्येक काटकोनी वळणाचे ४ इंच वजा करा. केबल टिल्ट ट्यूबमधून जाणारी असेल तर ६ इंच मिळवा. १२ ने भागा आणि येईल त्यापुढचा पूर्ण फूट धरा. ही नेहमीची रोटरी स्टिअरिंगची पद्धत आहे. रॅक (दातेरी पट्टी) असलेल्या स्टिअरिंगचं मोजमाप वेगळं असतं आणि त्यात केबलबरोबर रॅकही येतो.

चाकामागचा डबा एका कंपनीचा आणि केबल दुसऱ्या कंपनीची, असं जुळेलच याची खात्री नाही. जुन्या डब्यांवर टेलिफ्लेक्सचं नाव दिसतं. तो स्टिअरिंगचा धंदा पुढे सीस्टार नावाने चालला आणि २०१७ मध्ये डोमेटिककडे गेला, त्यामुळे दुकानात नवं नाव सांगावं लागतं. डब्याचा फोटो काढून मुंबईच्या किंवा गोव्याच्या दुकानदाराला पाठवा, फेरा वाचेल.

जुनी ओढून काढताना तिच्या टोकाला दोरी बांधा. तीच दोरी नव्या केबलला वाट दाखवते. आणि लिंकचे नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप सैल न होणारे) नट एकदा उघडले की नवेच घाला. तो नट सुटला तर चाक आणि इंजिन यांचा संबंध संपला.

किनाऱ्यावर हलकं फिरतं, पण वेगात गेलं की एका बाजूला ओढतं आणि चाक जड होतं. हे काय?

हा ग्रीसचा विषय नाही. बहुतेक प्रोपेलर मागून बघितल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि बोटीला एका बाजूला, साधारणपणे उजवीकडे, ओढायचा प्रयत्न करतात. ते सावरण्यासाठी प्रोपेलरच्या वर, आडव्या सपाट प्लेटखाली, एक छोटी तिरकी पट्टी असते. बऱ्याच इंजिनांत तीच झिंकचं कामही करते, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजते. झिजून निम्मी झाली असेल तर बदला. बोट उजवीकडे ओढत असेल तर पट्टीचं मागचं टोक थोडं उजवीकडे सरकवा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. एकदम जास्त नको, थोडं सरकवून पाण्यात चालवून बघा.

इंजिनाचा तिरपेपणाही बघा. फार आत किंवा फार बाहेर कललेलं इंजिन चाकाला ओढ देतं. सगळे प्रवासी एका बाजूला फोटो काढायला उभे असतील तर अर्थात बोटीचा दोष नाही.

जरा जड आहे, पण चालतंय. हा सीझन असाच काढला तर?

काढू नका. जड स्टिअरिंगमध्ये प्रत्येक वळणाचा जोर आतल्या तारेवर येतो. ती तुटते तेव्हा सांगून तुटत नाही. कधी आधी चाक मधेच झटके देतं, कधी अचानक हलकं होतं. हलकं झालं म्हणून आनंद मानू नका, लगेच तपासा. मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना दोन्ही अंगाला खडक आहेत. देवबागला कर्लीच्या मुखाशी वाळूचा बांध आणि लाट एकदम येते. अशा जागी अर्ध्या सेकंदात वळता आलं पाहिजे.

किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) लाल दोरी तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असू द्या, चाकाला गुंडाळलेली नव्हे. स्टिअरिंग गेलेली बोट वेगात स्वतःभोवती गोल फिरायला लागते आणि पाण्यात पडलेल्या माणसाकडे परत येते.

समुद्रातच चाक अडलं तर?

आधी वेग खाली, मग न्यूट्रल. खडकाकडे वाहत असाल तर नांगर टाका. थांबल्यावर लिंक सोडवून इंजिन मागून हाताने वळवत, अगदी कमी वेगात येता येतं. त्यासाठी एक माणूस मागे आणि एक थ्रॉटलवर लागतो, आणि मागचा माणूस प्रोपेलरपासून लांब, आतल्या बाजूला बसलेला हवा. लिंकच्या नटाचा पाना बोटीतच ठेवा. बाकी सगळी हत्यारं घरी राहिली तरी चालेल.

आमची होडी हाताच्या दांड्याची आहे. तिचं काय?

केबल नाही, नळीतला रॉड नाही, म्हणजे निम्मी डोकेदुखी कमी. फ्रिक्शनचा स्क्रू सैल करून बघा, मग स्विव्हलचं ग्रीस. एवढ्यात निकाल लागतो.

हायड्रॉलिक बसवलं तर हा त्रास कायमचा जाईल का?

चाक हलकं होईल हे खरं. पण स्विव्हल जाम असेल तर हायड्रॉलिकही कण्हतच वळवणार, आणि सिलिंडरचा दांडा टिल्ट ट्यूबमधूनच जाणारा असेल तर ती नळी साफ असणं भागच आहे. त्यात पुन्हा तेल कमी होणं, हवा शिरणं, सील गळणं हे नवे विषय. ४० अश्वशक्तीच्या एका इंजिनासाठी नीट ठेवलेली केबल पुरते, असं माझं मत. आधीच हायड्रॉलिक असेल आणि जड झालं असेल तर तेल जुनं, काळं किंवा चुकीच्या जातीचं आहे का ते आधी बघा. चाक स्पंजासारखं मऊ लागत असेल तर हवा आहे.

पावसाळ्यात बोट वर काढताना काय करायचं?

गोड्या पाण्याने इंजिनाचं ब्रॅकेट आणि नळीची दोन्ही तोंडं धुवा, वाळू द्या. स्विव्हलला ग्रीस मारा. तीन महिने बोट हलणारच नसेल तर सरळ रॉड नळीतून काढा, पुसा, ग्रीस चोपडून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. नळीतही ग्रीस भरून दोन्ही तोंडं बंद करा. एवढं जमत नसेल तर रॉड आत जाईल अशा स्थितीत इंजिन ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा कुणाला तरी बोटीवर पाठवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या. ताडपत्री मात्र इंजिनाभोवती हवाबंद आवळू नका. आतल्या दमटपणाने झाकलेलं इंजिनही गंजतं.